जाणिवेचा विस्तार : द्रव्य, विधी आणि उपचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला आठवीत संस्कृत शिकविले. शब्दाचे मूळ पाहिल्याशिवाय त्यावर मत देऊ नये, ही त्यांची शिस्त होती. आजच्या विषयाला ती फार उपयोगी पडणार आहे.

मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने मादक द्रव्यांच्या इतिहासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मी वैद्य नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. माझे आयुष्य नाथपंथीय आणि वारकरी वाङ्मयात गेले. परंतु ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील कुंडलिनीचे वर्णन वर्षानुवर्षे वर्गात शिकविणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही. माणसाची जाणीव तिच्या नेहमीच्या कुंपणापलीकडे जाते, तेव्हा तिला तेथे नेते कोण, आणि परत आणते कोण? गेल्या सत्तर वर्षांत पाश्चात्त्य विज्ञानाने या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग हाती घेतला. दुसऱ्या अर्ध्याशी ते आता कोठे येऊन पोहोचले आहे. त्याचा इतिहास मी आज मांडणार आहे.

प्रथम शब्द. एल.एस.डी., मेस्कलिन, सायलोसायबिन या द्रव्यांना डॉक्टर मंडळी आरंभी ‘उन्मादाची नक्कल करणारी द्रव्ये’ म्हणत. वेडाचा अनुभव स्वतः घेऊन पाहिला तर वेड समजेल, अशी त्यामागे कल्पना होती. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात काम करणारे मनोरुग्णतज्ज्ञ हम्फ्री ऑस्मंड यांना हे नाव अपुरे वाटले. १९५३ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथे त्यांनीच आल्डस हक्सले यांना मेस्कलिन दिले होते, आणि त्या अनुभवावरील हक्सले यांचे ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’ १९५४ साली प्रसिद्ध झाले. ऑस्मंड यांनी दोन ग्रीक शब्द जोडून ‘सायकेडेलिक’ हा शब्द घडविला आणि १९५७ साली तो विद्वत्सभेपुढे मांडला. त्याचा अर्थ, चित्त प्रकट करणारे. द्रव्य तेच; मात्र एका नावात रोग आहे आणि दुसऱ्यात दर्शन. आपल्याकडील वृत्तपत्रांत तिसरेच नाव रूढ झाले, ‘भ्रमकारक’. या तीन नावांत तीन न्यायनिवाडे दडलेले आहेत, आणि त्यांतला एकही अद्याप अंतिम ठरलेला नाही.

आता आपल्या घरचा पुरावा पाहू. पतंजलींनी योगसूत्रांच्या कैवल्यपादाच्या पहिल्याच सूत्रात सिद्धींचे पाच उगम सांगितले आहेत : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. औषधीचा क्रमांक दुसरा आहे. म्हणजे वनस्पतीने चित्तात पालट घडतो, हे योगशास्त्राने नाकारले नाही. मात्र भाष्यकार व्यासांनी या औषधीचे उदाहरण दिले ते असुरांच्या भवनांतील रसायनाचे. आणि विभूतिपादात अशा सिद्धी समाधीच्या वाटेतील अडथळे म्हणूनच सांगितल्या आहेत. नाकारले नाही, पण पुरस्कारही केला नाही, अशी ही भूमिका आहे.

याहून जुनी साक्ष सोमाची. ऋग्वेदाचे संपूर्ण नववे मंडल, ११४ सूक्ते, सोमाला वाहिलेले आहे. आठव्या मंडलातील अठ्ठेचाळिसाव्या सूक्तात सोम प्यालेला कवी ज्या उल्हासाने बोलतो, तो केवळ अलंकार आहे असे मला कधी वाटले नाही. पण ती वनस्पती कोणती? ब्राह्मणग्रंथांच्या काळातच ती दुर्मीळ झालेली दिसते. मूजवत् पर्वतावरून येणारी ही वल्ली विक्रेत्याकडून विकत घ्यावयाची. ती न मिळाल्यास पूतीक इत्यादी पर्यायी वनस्पती घ्याव्यात, अशी सोयही ग्रंथांनी करून ठेवली. पुढे पर्यायच नित्याचा झाला. बदलले नाही ते सारे बाकीचे : यजमानाची दीक्षा, ऋत्विजांची कामे, दगडांनी वल्ली कुटणे, लोकरीच्या गाळणीतून रस गाळणे, प्रातःसवन, माध्यंदिन सवन आणि तृतीय सवन.

या संदर्भात पुण्यातील एक प्रसंग फारसा कोणाला ठाऊक नसतो. मार्टिन हाउग हे जर्मन पंडित १८५९ पासून १८६६ पर्यंत पुण्याच्या कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करीत होते. त्यांनी ऐतरेय ब्राह्मणाची संपादित आवृत्ती आणि भाषांतर १८६३ साली मुंबईत प्रसिद्ध केले. केवळ पोथीवर विसंबून न राहता त्यांनी एका श्रोत्रियाकडून विधी प्रत्यक्ष करवून पाहिले, आणि दख्खनचे याज्ञिक वापरीत त्या वनस्पतीचा रसही चाखला. रस पांढुरका, कडू आणि तुरट. किंचित मद आणणारा, पण चवीला इतका वाईट, की काही चमच्यांपलीकडे तो त्यांच्या घशाखाली उतरला नाही. ऋग्वेदातील कवींनी ज्याचे गुणगान केले ते हे नव्हे, हे उघड आहे. तरीही याज्ञिक ते श्रद्धेने पीत होते, आणि यज्ञ यथासांग पार पडत होता.

१९६८ साली रॉबर्ट गॉर्डन वॉसन या अमेरिकन गृहस्थांनी ग्रंथ लिहून सोम म्हणजे लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेले एक भूछत्र, असा सिद्धांत मांडला. १९७१ साली केंब्रिजचे जॉन ब्रफ यांनी त्याची कठोर चिकित्सा केली. हॅरी फाल्क यांनी १९८९ मध्ये आणि पुण्याचे श्रौतविद्येचे गाढे अभ्यासक चिं. ग. काशीकर यांनी १९९० मध्ये एफेड्रा या झुडपाच्या बाजूने कौल दिला. पारशी बांधवांच्या ‘होम’ विधीत एफेड्राच वापरतात, आणि तिचा गुण रात्रभर जागे ठेवण्याचा आहे. माझा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. व्याख्यान संपल्यावर कोणीतरी उठून ‘म्हणजे आपले ऋषी एल.एस.डी.च घेत होते’ असे म्हणेल, म्हणून आधीच सांगतो : तसे म्हणण्यास आधार नाही. सोम म्हणजे निव्वळ पवित्र सरबत होते, असे म्हणण्यासही नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. द्रव्य हरवूनही विधी दोन-अडीच हजार वर्षे टिकला, ही घटना. जगाच्या दुसऱ्या टोकाला याच्या नेमके उलट घडले, आणि ते घडविणारे गृहस्थ हेच वॉसन होते.

वॉसन न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेचे उपाध्यक्ष होते. पत्नी वालेंतीना बालरोगतज्ज्ञ, जन्माने रशियन. भूछत्रांविषयीच्या लोकसमजुती गोळा करण्याचा दोघांना छंद होता. त्या छंदापायी ते मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील वाउत्ला या डोंगरी गावी पोहोचले. तेथे माझातेक लोकांची वस्ती आहे. १९५५ च्या जूनअखेरीस एका रात्री वॉसन आणि त्यांचे छायाचित्रकार मित्र मारिया साबिना नावाच्या वैदूबाईच्या विधीत बसले व त्यांनी भूछत्रे खाल्ली. बाईंना अक्षरओळख नव्हती, स्पॅनिश येत नव्हते. माझातेक एवढीच भाषा. पाहुण्यांना बसू द्या, असे सांगायला गावचा एक अधिकारी आला होता. अधिकाऱ्याचा शब्द मोडता आला नाही, असे बाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात सांगितले आहे.

या विधीला स्पॅनिशमध्ये ‘वेलादा’ म्हणतात. कोशात याचा अर्थ रात्रीचे जागरण. मराठी माणसाला याहून अधिक स्पष्टीकरण लागू नये. खंडोबाचे जागरण आपण पाहिले आहे. अंगात आलेल्या बाईला सावरणारी, तिला प्रश्न विचारणारी, मध्येच पाणी देणारी घरची माणसेही पाहिली आहेत. वाउत्लाचा जागर रोग्यासाठी असे. आधी काही दिवस पथ्य पाळावयाचे. घराची दारे बंद, देव्हाऱ्यापुढे मेणबत्त्या, धूप. मग दिवे विझवून अंधारात पहाटेपर्यंत बाईंचे गाणे. रोग कशाने आला, तो बरा होईल की नाही, हे भूछत्रांना विचारावयाचे. १९५८ साली वॉसन यांनी असा एक संपूर्ण जागर ध्वनिमुद्रित केला. तो मूळ शब्द, भाषांतर आणि स्वरलेखनासह १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या रात्री एक आजारी तरुण मुलगा समोर बसला होता. बाईंना उत्तर मिळाले की, हा जगणार नाही, आणि त्यांनी ते सांगितले. पुढे तो खरोखरच वारला. या विद्येत केवळ आनंदाच्या लाटा नव्हत्या, हे सांगण्यासाठी मी हा प्रसंग मुद्दाम काढला.

त्या गाण्यातील एका गोष्टीने मला, वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून, बांधून ठेवले. बाईंच्या ओळीअखेरी वारंवार ‘म्हणे’ या अर्थाचा शब्द येतो. आपल्या कानाला लगेच अभंगाची नाममुद्रा आठवते. परंतु दोन्हींत फरक आहे. तुकोबांच्या मुद्रेत कवीचे नाव राहते. येथे ‘म्हणे’ म्हणजे भूछत्र म्हणे. बाईंनी स्वतःचे नाव त्या जागेवरून पुसून टाकले आहे. शब्द माझे नव्हेत, ही भावना मात्र दोन्हीकडे समान आहे. या निरक्षर बाईंना दर्शनात एक ग्रंथ मिळाला आणि तो त्यांना वाचता आला, असेही त्या सांगत. स्वप्नात गुरूपदेश मिळालेल्या तुकोबांच्या आणि स्वप्नात तुकोबांचे दर्शन झालेल्या बहिणाबाईंच्या भाषिकांना हे परके वाटू नये. आपल्या संतांना तेथवर जाण्यास वनस्पतीची गरज पडली नाही, एवढेच.

१३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात वॉसन यांचा सचित्र लेख आला. बाईंचे आणि गावाचे नाव त्यांनी बदलले होते, पण ते गुपित टिकले नाही. साठच्या दशकात शेकडो तरुण परदेशी वाउत्लात उतरले. कोणी आजारी नव्हते. देव पाहावयास आले होते. शेवटी सरकारला पोलीस आणि लष्कर पाठवावे लागले. बाईंचे घर जाळण्यात आले, त्यांना काही काळ अटकही झाली. अल्वारो एस्त्रादा या माझातेक लेखकाने त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिलेले चरित्र १९७७ साली आले. पूर्वी केवळ देव शोधण्यासाठी भूछत्रे कोणी घेत नसे, रोग्यासाठी घेत. परके आल्यापासून त्यांची शक्ती ओसरली, अशी त्यांची तक्रार त्यात नोंदली आहे. २२ नोव्हेंबर १९८५ रोजी त्या वारल्या, गरिबीतच. वॉसन यांनी झाल्या प्रकाराबद्दल खंत व्यक्त केली. पण खंत लेखात राहते आणि गाव गावाच्या ठिकाणी.

मधल्या काळात भूछत्रे पॅरिसमार्गे बाझेलला पोहोचली होती. तेथील सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमान यांनी १९३८ साली एल.एस.डी. तयार केले होते, आणि त्याचा चित्तावरील परिणाम १९४३ च्या एप्रिलमध्ये स्वतःवर अनुभवला होता. त्यांनीच १९५८ मध्ये भूछत्रांतील सायलोसायबिन वेगळे काढले. १९६२ साली ते वॉसन यांच्यासह वाउत्लाला गेले आणि मारिया साबिनांना त्यांनी सायलोसायबिनच्या गोळ्या दिल्या. बाईंनी त्या घेऊन नेहमीप्रमाणे रात्रभर जागर केला, आणि भूछत्रांची शक्ती गोळ्यांतही आहे असे सांगितले. हंगाम नसतानाही आता आपल्याला रोगी पाहता येतील, म्हणून त्यांना आनंद झाला.

ही गोष्ट मी जेव्हा प्रथम वाचली तेव्हा मला पूतीकाची आठवण झाली. पुण्याच्या याज्ञिकाने पर्यायी वल्ली स्वीकारली, वाउत्लाच्या वैदूबाईने कारखान्यातील गोळी स्वीकारली. दोघांनाही द्रव्याच्या बदलाने भय वाटले नाही, कारण दोघांच्याही हाती विधी शाबूत होता. गोळी मात्र एकटीच जगभर गेली.

पाश्चात्त्य देशांत पुढे जे घडले ते सर्वांना ढोबळपणे माहीत आहे, म्हणून ते लवकर आटोपतो. पन्नास-साठच्या दशकांत ऑस्मंड आणि त्यांचे सहकारी एल.एस.डी.ने दारूचे व्यसन सोडवू पाहत होते. स्तानिस्लाव ग्रॉफ प्रागमध्ये आणि १९६७ नंतर अमेरिकेत मानसोपचारात तेच वापरीत होते. २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बोस्टन विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात वॉल्टर पान्के यांनी धर्मशास्त्राच्या वीस विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहांना सायलोसायबिन, दहांना नुसती अंग तापविणारी गोळी. पहिल्या गटातील बहुतेकांना गूढानुभव आला, असा निष्कर्ष गाजला. पंचवीस वर्षांनंतर रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांचा शोध घेतला. अनुभव खरा होता, असे द्रव्य घेतलेले तेव्हाही सांगत होते. पण एक विद्यार्थी त्या दिवशी इतका बिथरला होता की त्याला आवरून औषधाचे इंजेक्शन द्यावे लागले, आणि हे मूळ अहवालात आलेच नव्हते. डॉब्लिन यांनी ते १९९१ मध्ये उजेडात आणले. वैयक्तिक कटुता न बाळगता मी एवढेच म्हणेन, की जागरात बसलेल्या वैदूबाईने हे लपविले नसते. तिला लपविताही आले नसते, सारे घर समोर होते.

हार्वर्डमधून टिमोथी लिअरी आणि रिचर्ड अल्पर्ट १९६३ साली बाहेर पडले. अल्पर्ट १९६७ मध्ये हिंदुस्थानात आले, नीम करोली बाबांना भेटले आणि रामदास होऊन परतले. बाबांना एल.एस.डी. दिले आणि काहीच झाले नाही, असे ते सांगत. ती कथा भाविकांना फार आवडते. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की परतल्यावर त्यांनी जपध्यान, सेवा आणि मरणासन्न माणसांची सोबत यांत उरलेले आयुष्य घालविले. अमेरिकेने १९७० साली कायदा केला, १९७१ साली संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, आणि संशोधन जवळजवळ थांबले. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने एल.एस.डी. आणि सायलोसायबिन या दोहोंवर बंदी आहे. भांगेची पाने त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली, हे शिवरात्रीला ठंडाई पिणाऱ्या आणि उज्जैनला महाकालाचा भांगेचा शृंगार पाहणाऱ्या आपणा माळव्यातील मंडळींना वेगळे सांगावयास नको. बंदीनंतर ग्रॉफ यांनी द्रव्य सोडून केवळ श्वासाच्या साहाय्याने तोच प्रवास घडविण्याची पद्धत काढली. १९८२ साली मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ते, इतर वैज्ञानिक आणि आपल्याकडील साधक एका मंचावर आले होते.

नवे पर्व २००६ साली सुरू झाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी छत्तीस निरोगी माणसांना सायलोसायबिन दिले. दोन-तृतीयांश लोकांनी तो अनुभव आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण अशा पाचांत गणला. सुमारे एक-तृतीयांश लोकांना त्या दिवशी कधी ना कधी तीव्र भीतीही वाटली. पहिला आकडा सगळीकडे छापून येतो, दुसरा क्वचित. २०१६ मध्ये हॉपकिन्स येथे एक्कावन्न आणि न्यूयॉर्कला एकोणतीस कर्करोग्यांवरील चाचण्या प्रसिद्ध झाल्या. मृत्यूच्या छायेतील खिन्नता आणि भय बहुतेकांत ओसरले आणि सहा महिन्यांनंतरही त्याचा गुण टिकून होता. वाउत्लाच्या त्या मुलाच्या समोर जो प्रश्न होता, तोच हा प्रश्न.

या चाचण्यांची रचना नीट पाहिली तर मौज वाटते. आधी काही बैठका घेऊन रोग्याची तयारी. त्या दिवशी दोन जाणती माणसे दिवसभर जवळ बसलेली. डोळ्यांवर पट्टी, म्हणजे अंधार. निवडक संगीत. नंतर पुन्हा बैठका, अनुभवाचा अर्थ लावण्यासाठी. जागराचे एकेक अंग डॉक्टरांना परत आणावे लागले आहे. काही ठिकाणी तर खोलीत बुद्धाची मूर्तीही ठेवतात. हॉपकिन्सचेच मॅथ्यू जॉन्सन यांनी २०२० मध्ये त्यावर आक्षेप घेतला, की वैद्याने रोग्यावर धर्म लादू नये. आक्षेप योग्य आहे; माझा आक्षेप बुद्धाच्या बाजूने आहे. मूर्ती मांडली, पण त्यामागचे शील आणि संघ कोठे आहेत? मारिया साबिना रोग्याच्या गावातच राहत होत्या. चुकल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी त्याच पायवाटेने पाण्याला जाताना लोकांनी जाब विचारला असता. दवाखान्यातील सोबती तासाच्या हिशेबाने सोबती असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एम.डी.एम.ए. या द्रव्याच्या उपचाराला परवानगी नाकारली. पुराव्यातील त्रुटी हे मुख्य कारण होते. पण त्याआधीच्या एका चाचणीत उपचारकांनी गुंगीतील रुग्णेशी केलेल्या गैरवर्तनाची चर्चाही तेव्हा झाली. मनाचे सर्व दरवाजे उघडलेला माणूस किती असहाय असतो, हे आपल्या परंपरेने ओळखले होते. अधिकारी गुरू आणि अधिकारी शिष्य यांवर तिने एवढा भर दिला तो उगाच नव्हे. आपल्याकडेही त्या भराआड पुष्कळ गैरप्रकार झाले आहेत, हेही येथेच नमूद करतो.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मनोरुग्णतज्ज्ञांना, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देण्याची मुभा आहे. तेथे स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गेल्या वर्षी पत्र आले. त्याचा मुलगा चार वर्षे नैराश्याने अंथरुणाला खिळल्यासारखा आहे; अनेक औषधे झाली. डॉक्टरांनी हा उपचार सुचविला आहे. ‘सर, आपल्या परंपरेला हे मान्य आहे का?’ असे त्याने विचारले होते. आईला हे कसे सांगावे, ही खरी अडचण त्याने पत्राच्या शेवटी लिहिली होती.

मी त्याला कळविले, की परंपरेचा कौल मागू नकोस. औषधी हा पतंजलींनी मोजलेला उगम आहे आणि तुझा मुलगा सिद्धी मिळवावयास निघालेला नाही, तो आजारी आहे. मारिया साबिनांच्या न्यायाने त्याचा अधिकार त्या देव शोधणाऱ्या पाहुण्यांपेक्षा मोठा आहे. मात्र डॉक्टरांना तीन गोष्टी विचार. घराण्यात कोणाला उन्माद किंवा बुद्धिभ्रंश झाला होता का, हे त्यांनी खोदून विचारले आहे का. कारण अशा घरच्या माणसांना चाचण्यांतून वगळतात. त्या दिवशी शेजारी कोण बसणार, आणि मुलाची व त्यांची आधी किती ओळख झालेली असेल. आणि आठ दिवसांनी, महिन्याने, मुलगा पुन्हा खचला तर दार कोणाचे ठोठवावयाचे. आईला सर्व सांग, असेही लिहिले. जागराला घरची माणसे लागतातच.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्याचे त्याने कळविले आहे. तिसऱ्यासाठी डॉक्टरांनी एक दूरध्वनी क्रमांक दिला. त्याची आई गेल्या महिन्यात येथून तिकडे गेली आहे.